इंग्रजीचा शब्द आणि नेटवर्कची तार

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेतील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला आहे, ‘इंग्रजी आणि संगणकाचे नेटवर्क यांचा एकत्र अभ्यास’. इंग्रजीचा मास्तर वेगळा, कॉम्प्युटरचा मास्तर वेगळा, मग हे दोन विषय एका ताटात कशाला वाढले, असे काहीजणांना वाटले असेल. तेच आज मी सांगणार आहे. भाषण लांबले तर मागच्या रांगेतून हात वर करा, मी आटोपते घेईन.

आधी हा विषय आपल्या दारात का आला ते बघू. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरं आज फायबरच्या कामावर आहेत. खांबावर चढतात, गच्चीवरून वायर ओढतात, घरोघरी राउटर बसवतात. कामात कुणाला हार जाणार नाहीत. त्यातलाच एक मुलगा, नाव घेत नाही, एका कंपनीच्या ऑफिसात मुलाखतीला गेला. बसून करायचे काम, पगार महिन्याचा, वर प्रॉव्हिडंट फंड. साहेबांनी इंग्रजीत विचारले, ‘डिफॉल्ट गेटवे म्हणजे काय ते सांगा.’ आता ज्या पोराने शंभर घरांत हाताने गेटवे बसवला, तो गप्प उभा राहिला. उत्तर हातात होते, तोंडात नव्हते. ती जागा दुसऱ्याला गेली आणि आपला मुलगा पुन्हा रोजंदारीवर, शिडी खांद्यावर घेऊन.

आणि याच्या उलटही आहे बरं का. आपल्या काही मुली बी.ए. इंग्रजी झाल्या. व्याकरण पक्के, निबंध सुंदर. पण घरातले नेट बंद पडले की भावाला हाक मारतात. म्हणजे एकाकडे तार आहे, शब्द नाही. दुसरीकडे शब्द आहे, तार नाही. या दोघांना एका बाकावर बसवले तर दोघांचेही भले होईल, एवढेच माझे म्हणणे आहे.

शब्द ओळखीचेच आहेत

नेटवर्कचे इंग्रजी फार अवघड आहे, ही पहिली भीती. खरे सांगू का, या विद्येचे नेहमीचे शब्द फार तर तीनशे असतील, आणि त्यातले बरेचसे घरगुतीच आहेत. होस्ट म्हणजे यजमान. नेटवर्कमध्ये जोडलेला प्रत्येक संगणक होस्ट. सर्व्हर म्हणजे वाढणारा. पंगतीत आपण ‘भाजी वाढ’ म्हणतो आणि वाढपी वाढतो, तसा क्लायंट मागतो आणि सर्व्हर देतो. ब्रिज म्हणजे पूल, गेट म्हणजे फाटक, ट्रॅफिक म्हणजे रहदारी, हॉप म्हणजे उडी. पोर्ट म्हणजे बंदर हे भूगोलात शिकलो, इथे ते जोडणीचे दार. हँडशेक म्हणजे हस्तांदोलन. दोन संगणक बोलणे सुरू करण्याआधी तीन निरोप होतात. फोनवर आपण काय करतो? ‘ऐकू येतंय का?’ ‘हो येतंय, तुला येतंय का?’ ‘हो, बोल आता.’ झाले! याच तीन वाक्यांना टीसीपीचे थ्री-वे हँडशेक म्हणतात.

आता शब्द कसे बनतात ते बघा. सर्व्हर, राउटर, प्रिंटर, स्कॅनर, ब्राउझर या सगळ्यांच्या शेवटी ‘अर’ आहे. आपल्याकडे जसे विणणारा, शिवणारा, तसे इंग्रजीत क्रियापदाला ‘अर’ लावला की ते काम करणारा तयार होतो. रूट म्हणजे मार्ग ठरवणे, राउटर म्हणजे मार्ग ठरवणारा. पुढे ‘री’ लागला की पुन्हा: रीस्टार्ट, रीसेट, रीकनेक्ट. ‘डिस’ लागला की तोडणे: डिसकनेक्ट. ‘सब’ म्हणजे पोट: पोटनिवडणूक तसे सबनेट, म्हणजे पोट-जाळे. ‘लेस’ म्हणजे विना: वायरलेस, विनातारेचे. अशा पाच-सहा चाव्या हातात आल्या की न पाहिलेला शब्दही उघडतो.

एक गंमत सांगतो. ‘केबल नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क केबल’. शब्द दोन, तेच, जागा बदलली. केबल नेटवर्क म्हणजे टीव्हीवाल्याचे जाळे, ज्याचे पैसे आपण महिन्याला देतो. नेटवर्क केबल म्हणजे संगणक जोडायची वायर, जी दुकानात मीटरने मिळते. इंग्रजीत दोन नामे शेजारी आली की मागचे मुख्य आणि पुढचे त्याचे विशेषण. मराठीत ‘दूधभात’ आणि ‘भाताचे दूध’ यात कोणी गोंधळत नाही. मग इथे का गोंधळावे?

पत्ता कसा वाचायचा

आता नेटवर्कचा गाभा, म्हणजे पत्ता. पोस्टाचा पिनकोड सर्वांना माहीत आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्टखात्यातील मराठी अधिकारी होते. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, आपल्याकडे ४. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे नेमके पोस्ट ऑफिस. पोस्टातला माणूस सगळ्या देशाचे रस्ते पाठ करत नाही. पुढचे आकडे बघतो आणि पत्र त्या थैलीत टाकतो. राउटर हेच करतो. पत्त्याचा पुढचा भाग बघतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो.

संगणकाच्या या पत्त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. चार आकडे, मध्ये टिंब, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. घरच्या राउटरवर पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो. असे एकूण पत्ते ४२९ कोटींच्या थोडे वर होतात. जगात माणसेच आता ८०० कोटींवर आहेत आणि एकेकाच्या घरात चार-चार फोन. मग पुरणार कसे? इथे आपली चाळ आठवा. खोली नंबर ५ प्रत्येक चाळीत असते. चाळीच्या आत ‘पाच नंबरवाल्या ताई’ एवढे पुरते, पण बाहेरच्या पोस्टमनला चाळीचा पत्ता लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे खोली नंबर आहेत. लाखो घरांत तेच. चाळीचा बाहेरचा पत्ता राउटरकडे, आणि आतून बाहेर जायचे जे फाटक, तोच तो डिफॉल्ट गेटवे, ज्यावर आपला मुलगा अडला. इंग्रजीत एका वाक्याचे उत्तर आहे: ‘अ डिफॉल्ट गेटवे इज द डिव्हाइस दॅट कनेक्ट्स अवर नेटवर्क टू अदर नेटवर्क्स.’ आपले जाळे दुसऱ्या जाळ्यांशी जोडून देणारे उपकरण. एवढेच! हे वाक्य पाठ करून नव्हे, समजून म्हणता आले असते तर ती नोकरी हातची गेली नसती.

साईटच्या नावाची गोष्ट मात्र उलटी. ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हे नाव उजवीकडून वाचायचे. ‘इन’ म्हणजे भारत, ‘गव्ह’ म्हणजे सरकार, मग महाराष्ट्र. पाकिटावर आपण आधी घर, मग गल्ली, मग गाव लिहितो, तसेच लहानाकडून मोठ्याकडे. हे माता-भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. फोनवर ‘सरकारी योजना’ म्हणून लिंक येते. नावाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र’ दिसले म्हणून दाबू नका. नावानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, सगळ्यात उजवीकडे काय आहे ते बघा. तिथे ‘गव्ह डॉट इन’ नसून भलतेच काही असेल, तर ते सरकारचे घर आहे असे धरून चालू नका. एवढ्या एका अक्षरओळखीने घरातले पैसे वाचतात.

व्याकरण कुठे लपले आहे

व्याकरण म्हटले की पोरं जांभई देतात. पण तुमच्या खिशातल्या फोनमध्ये व्याकरणाचे पुस्तक आहे. फोनची भाषा इंग्रजी ठेवा आणि वायफाय लावा. आधी लिहून येते ‘कनेक्टिंग’. मग काही फोनवर ‘ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस’. मग ‘कनेक्टेड’. ‘इंग’ म्हणजे काम चालू आहे: जोडतोय, पत्ता मिळवतोय. ‘एड’ म्हणजे झाले, जोडला गेला. चालू काळ आणि पूर्ण झालेली क्रिया, दोन्ही तीन सेकंदांत डोळ्यांसमोर. दिवसातून दहा वेळा आपण हे बघतो, पण वाचत नाही.

आता संगणकावर या. काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका. हा पिंग १९८३ साली माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने लिहिला. पाणबुडी शोधायला आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून नाव पडले. विंडोजवर चार पॅकेट जातात आणि शेवटी हिशेब येतो: सेंट ४, रिसीव्ड ४, लॉस्ट ०, आणि पुढे शून्य टक्के लॉस. बघा, सेंडचे सेंट, रिसीव्हचे रिसीव्ड, लूझचे लॉस्ट. क्रियापदांची तिसरी रूपे रांगेत उभी आहेत. आणि लॉस्ट व लॉस एकाच ओळीत: लॉस्ट म्हणजे हरवलेले, लॉस म्हणजे नुकसान, ते नाम. याच घरातला आणखी एक शब्द पोरांना फसवतो. ‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन ‘ओ’. ‘लूझ’ म्हणजे हरवणे, त्यात एकच ‘ओ’. ‘इफ द केबल इज लूस, वी लूझ पॅकेट्स.’ केबल सैल असेल तर पॅकेट हरवतात. एका वाक्यात स्पेलिंग, उच्चार आणि दुरुस्ती, तिन्ही!

पॅकेट पोचले नाही तर दोन प्रकारचे निरोप येतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे विचारले, वाट पाहिली, ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ म्हणजे त्या ठिकाणापर्यंत पोचताच येत नाही. अनरीचेबल शब्द फोडा: अन, रीच, एबल. न, पोचणे, शक्य. आपल्या ‘अ-गम्य’ सारखाच. दोन निरोपांतला फरक ज्याला कळला त्याला दोष कुठे शोधायचा हेही कळले.

मराठी माणसाच्या नेहमीच्या अडचणी चार. त्या सांगतो, वहीत लिहून घ्या.

पहिली, ‘ए’ आणि ‘ॲन’. शाळेत स्वर-व्यंजन शिकवले, पण खरा नियम कानाचा. एमपी म्हणताना तोंडातून ‘ए’ निघतो म्हणून ‘ॲन एमपी’. तसेच ‘ॲन आयपी ॲड्रेस’, ‘ॲन आरजे-४५ कनेक्टर’, कारण ‘आर’ची सुरुवात ‘आ’ने. पण ‘अ यूएसबी पोर्ट’, कारण तिथे आवाज ‘य’चा आहे.

दुसरी, ‘एस’ खाणे. ‘राउटर सेंड पॅकेट’ असे आपण म्हणतो. एक राउटर असेल तर ‘द राउटर सेंड्स’, अनेक असतील तर ‘राउटर्स सेंड’. नेटवर्क कसे चालते हे सांगताना हाच साधा वर्तमानकाळ लागतो, म्हणून सवय इथेच करावी.

तिसरी, प्रश्नाची रचना. ‘व्हाय नेट इज नॉट वर्किंग?’ ही मराठी वाक्याची सावली. बरोबर वाक्य, ‘व्हाय इज द इंटरनेट नॉट वर्किंग?’ ‘इज’ उचलून पुढे आणायचा.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. त्याचा अर्थ लॉस ऑफ सिग्नल. तो लाल झाला की समजावे, बाहेरून प्रकाशाचा सिग्नल येत नाही. तार तुटली, दुमडली किंवा निसटली. आपण कंपनीला फोन करतो आणि म्हणतो, ‘रेड लाइट इज ब्लिंकिंग सिन्स मॉर्निंग.’ मराठीत ‘सकाळपासून लुकलुकतोय’ चालते, इंग्रजीत नाही. सकाळी सुरू झाले आणि अजून चालू आहे, तर ‘हॅज बीन ब्लिंकिंग’. ‘द रेड लाइट हॅज बीन ब्लिंकिंग सिन्स मॉर्निंग.’ तक्रार मराठीतही करता येते आणि ती करावी, तो आपला हक्क आहे. पण हे वाक्य जिच्या तोंडी बसले ती बाई समोरच्याच्या ‘राउटर बंद करून चालू करा’ला फसणार नाही. डब्याच्या बाहेरचा दोष आहे, माणूस पाठवा, असे ठणकावून सांगेल.

आणखी एक. इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात. त्यात मस्ट, शुड आणि मे या शब्दांचे अर्थच १९९७ साली एका स्वतंत्र आरएफसीत ठरवून दिले. मस्ट म्हणजे सक्ती. शुड म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय टाळू नये. मे म्हणजे ऐच्छिक. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणे वाटणारे हे तीन शब्द. पण यंत्रांनी एकमेकांशी नीट बोलावे म्हणून जगातल्या इंजिनिअरांना त्यांचे अर्थ कागदावर बांधावे लागले. भाषा ढिली असेल तर तारही चालत नाही, हा त्याचा अर्थ.

अभ्यास कसा करायचा

आता कामाचे बोलू. अभ्यासिकेत संध्याकाळी अर्धा तास पुरे. एक वही, चार रकाने: शब्द, नेटवर्कमधला अर्थ, घरगुती अर्थ आणि स्वतः बनवलेले वाक्य. चौथा रकाना रिकामा असेल तर तो शब्द आला असे समजू नका. रोज पाच शब्द, आठवड्याचे सहा दिवस. तीस झाले. दहा आठवड्यांत तीनशे, म्हणजे मघाशी सांगितलेला सगळा कोश.

जोड्या लावा. ज्याच्या हाताला काम येते तो आणि जिला इंग्रजी येते ती. तो केबलला क्लिप लावेल आणि प्रत्येक कृती तोंडाने बोलेल. आत आठ तारा असतात, चार जोड्या. नेहमीचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. फर्स्ट, सेकंड, थर्ड करत आठपर्यंत मोठ्याने म्हणा. केबल १०० मीटरपेक्षा लांब नको, हेही इंग्रजीत सांगा. ती ऐकेल, चुकले तर वाक्य दुरुस्त करेल. आणि मग अवजार तिच्या हातात द्यायचे. मुलींनी क्रिम्पिंग टूल धरायचे नाही असे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेले नाही.

दोष शोधण्याचा खेळ खेळा. एकाने गुपचूप केबल काढायची, दुसऱ्याने ‘इफ’ लावून शोधायचे. आधी १२७.०.०.१ ला पिंग करा. तो स्वतःचाच पत्ता आहे. मग गेटवेला. मग बाहेरच्या एखाद्या साईटला. ‘इफ द गेटवे रिप्लाइज, द केबल इज फाइन.’ गेटवे उत्तर देतो, म्हणजे तिथपर्यंतची तार ठीक आहे, दोष पुढे आहे. अटीचे वाक्य शिकवायला यापेक्षा चांगला फळा नाही.

महागड्या क्लासची फी नाही, म्हणून अडून बसू नका. सिस्को कंपनीची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून आहे, आणि तिचा ‘नेटवर्किंग बेसिक्स’ हा प्राथमिक अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य करता येतो. पुढे सीसीएनए ही परीक्षा आहे, १२० मिनिटांची. ती मराठीत होत नाही. म्हणूनच आजपासून दोन्ही घोडे एकाच गाडीला जुंपायचे.

पालकांना शेवटची विनंती. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?’ असे म्हणू नका. आपल्या आया-आज्यांनी पालीचे व्याकरण कुठल्या शाळेत शिकले होते? तरी त्रिसरण-पंचशील स्पष्ट उच्चारात म्हणतात. कारण रोज, मोठ्याने, चारचौघांत म्हटले. तेच इथे लागू आहे. पोरगा रोज पाच वाक्ये मोठ्याने म्हणतो का, एवढे बघा. स्वयंपाक करता करता ऐका. अर्थ विचारा. ‘गेटवे म्हणजे काय रे?’ तो मराठीत समजावून सांगू शकला तर त्याला ते आले. नाही सांगू शकला तर नुसती पोपटपंची आहे, पुन्हा बसवा. आणि इंग्रजी बोलताना चुकला तर घरात कोणी हसू नका. मुलाखतीच्या खोलीत जीभ अडते ती आधी घरातल्या हसण्याने अडलेली असते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हा ते आपल्या गल्लीपर्यंत पोचायला कैक वर्षे लागली. आज तार प्रत्येक दारात आली आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती आपल्याच पोरांनी आणून दिली आहे. तार ओढणारा हात आणि तिच्याबद्दल चार माणसांत बोलणारे तोंड, दोन्ही एकाच घरात असावेत, एवढीच इच्छा आहे. समितीने अभ्यासिकेत एक जुना राउटर, दोन संगणक आणि एक क्रिम्पिंग टूल ठेवावे, अशी मी जाहीर विनंती करतो. वही मुलांनी आपापली आणायची. सुरुवात येत्या सोमवारपासूनच करा, मुहूर्त पाहू नका.